पिल्लाची आई काय खाते

माझी बायको सुंदरी गेली त्या दिवशी मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला होतो. सकाळी दवाखान्यात जाऊन तिला बघून आलो होतो. ताप उतरला होता. खोकला होता, पण ती बोलत होती, घरी दूध तापवलं का विचारत होती. डॉक्टर म्हणाले, आता ठीक आहेत, बहुतेक उद्या सोडू. म्हणून मी कामावर आलो. दुपारी सम्मेदचा, माझ्या मुलाचा फोन आला. तो नुसता श्वास घेत होता. मग म्हणाला, "आण्णा, तुमी या." मला काय झालं विचारायचं धाडस झालं नाही. माझ्या हातात एक मोडलेलं हळकुंड होतं. दवाखान्याच्या दारात पोचलो तरी ते मुठीतच होतं.

मी एका अडत पेढीवर माल बघायचं काम करतो. शेतकऱ्याची पोती आली की तळातून हळकुंड काढायचं, मोडायचं आणि आतला रंग बघायचा. वरून पॉलिश केलेलं सगळंच चांगलं दिसतं. एवढंच माझं शिक्षण. लिहायची सवय नाही, पण झालं ते सांगतो.

डॉक्टरांची चूक झाली असं मी म्हणत नाही. न्यूमोनियात माणूस सुधारतंय असं वाटतं आणि अचानक बिघडतं, हे त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. मला ते पटलंही. पण तेव्हापासून कुणी 'ठीक आहे' म्हटलं की माझा विश्वास बसत नाही. नात शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावतो. सम्मेदची गाडी यायला उशीर झाला तर फाटकात जाऊन उभा राहतो. सून प्रियदर्शनी म्हणते, मामा, तुम्ही आत बसा, फाटक धरून ठेवल्यानं गाडी लवकर येत नाही. ती शिक्षिका आहे. तिचं बरोबर आहे. तरी मी उभा राहतोच.

आता कुत्र्याचं सांगतो. माझी नात ऋचा दोन वर्षं पिल्लू मागत होती. सुंदरी तयार नव्हती. आमचं जैनाचं घर. दिवस मावळायच्या आत जेवणं होतात आणि नंतर चूल पेटत नाही. सुंदरी पावसाळ्याचे चार महिने बटाटासुद्धा घरात आणू द्यायची नाही. कुत्रं म्हटलं की तिच्या डोळ्यासमोर हाडकं यायची. पण नातीपुढं ती शेवटी नमली. आजारी पडायच्या थोडंच आधी, दळण निवडता निवडता तिनं ऋचाला सांगितलं, "उन्हाळ्याच्या सुट्टीत आणू. पण अंडं-मांस माझ्या घरात शिरणार न्हाई. दूधभातावर, भाकरीवर राहणार असलं तर आणा." ऋचानं तिच्या गळ्यात हात टाकले. निवडलेले गहू सांडले.

सुट्टी आली तेव्हा सुंदरी नव्हती. तेव्हा पिल्लाचं नाव कुणी काढलं नाही. दिवाळीनंतर ऋचानं ते काढलं, तेही मला एकट्याला गाठून. "आज्जा, आज्जीनं कबूल केलं होतं," ती म्हणाली. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

हो म्हणून बसलो आणि काळजी लागली. पिल्लं मरतात. आमच्या गावात, समडोळीतच एकानं हौसेनं पिल्लू आणलं होतं, आठवडाभरात रक्ताचे जुलाब होऊन गेलं. त्या घरातली पोरं कशी रडली ते मी बघितलं होतं. आमच्या घरातून एक माणूस नुकतंच गेलं होतं. ऋचानं आजीची चादर अजून धुवायला दिली नव्हती. अशा घरात जे आणायचं ते जगलं पाहिजे, एवढंच मला कळत होतं. जगेल की नाही हे आधी ओळखायचं कसं, ते कळत नव्हतं.

म्हणून मी सांगलीत जनावरांच्या डॉक्टरांना जाऊन भेटलो. त्यांच्यापुढं एक म्हैसवाला आणि दोन शेळ्या होत्या, त्यामुळं ते थोडक्यात बोलले. लसीची खात्री करा, जंताचं औषध दिलंय का विचारा, आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं घेऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आई बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. आई दाखवत नसेल तर तिथून उठायचं. मी घरी येईपर्यंत तेवढंच घोकत होतो, आई बघायची.

सम्मेदनं फोनवर शोधून सांगलीतल्या विश्रामबागेतला एक माणूस काढला. लॅब्रॅडोरची पिल्लं होती. रविवारी आम्ही चौघे गेलो. बंगला चांगला होता. अनीश नावाचा तरुण मुलगा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला फार गोड. आम्हाला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि आतून पिल्लू आणून ऋचाच्या मांडीवर ठेवलं. फिकट साखरेच्या रंगाचं पिल्लू. अंघोळ घातलेलं, पावडरीचा वास येत होता. ऋचानं त्याला दोन्ही हातांनी धरलं. ती हसली. घरात इतके महिने ते हसणं ऐकू आलं नव्हतं. सम्मेद दुसरीकडं बघायला लागला.

मी पिल्लाकडं बघत होतो. पोट फुगलेलं होतं आणि एका डोळ्यातून पाणी येत होतं. मी ते बोलून दाखवलं. अनीश म्हणाला, अंघोळीचं पाणी गेलं असेल, बाकी सगळं ठीक आहे काका. मी आईचं विचारणार होतो. शब्द तोंडाशी आला होता. तेवढ्यात प्रियदर्शनीनं विचारलं, ह्याला अंडं-मांस लागतं का, आमच्या घरात चालत नाही. अनीशनं आमच्याकडं एकदा बघितलं. आडनाव त्यानं आधीच विचारून घेतलं होतं. मग त्यानं दोन्ही हात जोडल्यासारखे केले.

"काका, आमच्याकडं सगळं प्युअर व्हेज. पिल्लूच काय, पिल्लाची आईसुद्धा. दूध, भात, पनीर. मांसाचा वाससुद्धा तिला सहन होत नाही. तुमच्यासारख्या घरांनाच आम्ही देतो."

तिथं आम्ही फसलो. दुसऱ्या कुणी विचारलं असतं, अरे, कुत्रीला मांसाचा वास सहन होत नाही, हे कसं? आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. प्रियदर्शनीचा चेहरा उजळला. सम्मेद म्हणाला, आण्णा, आईची अट आपोआप पाळली गेली बघा. आणि खरं सांगायचं तर माझा ऊर भरून आला. वाटलं, सुंदरीनंच हे घर शोधून दिलं. जीव लावून खाऊ घालणारा, आपल्यासारखा माणूस. मग लसीचं कुणी नीट विचारलं नाही, जंताचं विचारलं नाही. पुढच्या रविवारी न्यायला येतो असं सांगून आम्ही उठलो. ऋचानं गाडीत नाव ठेवलं, साखर.

घरी परतताना नदीवरचा पूल आला तेव्हा मला आठवलं, आई बघायची राहिली.

सगळे आनंदात होते. घरी येऊन मी एकटाच अंगणात फेऱ्या मारल्या. एक मन म्हणत होतं, म्हाताऱ्या, तुला सगळीकडं मरणच दिसतंय, पोरीचा आनंद नासू नको. दुसरं मन पिल्लाच्या डोळ्यातलं पाणी विसरू देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यार्डात मी नाथाजीला हे सांगितलं. नाथाजी हमालांचा मुकादम, पंचवीस वर्षांची ओळख. पोत्यावर बसून त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आण्णा, नंबर द्या त्या पोराचा." फोन स्पीकरवर टाकला आणि आवाज बदलायची गरज नसताना उगाच जाड केला.

"आवं मालक, लॅब्राडोर हाय न्हवं तुमच्याकडं? आमच्या घरात बुधवार-रविवार मटान असतंय बगा. कुत्रं बी तसलंच पायजे. त्याची आई काय खाती?"

अनीशचा आवाज तसाच गोड होता. "एकदम योग्य ठिकाणी फोन केलात दादा. आईला रोज मटणाचे तुकडे लागतात. त्याशिवाय ताकद येते का? दूधभातावरची कुत्री काय कामाची!"

नाथाजीनं माझ्याकडं बघितलं. "मग आई बघायला मिळंल का?"

"आई आमच्या फार्मवर असते दादा. लांब आहे. तुम्ही पिल्लू बघा ना, पिल्लू एक नंबर आहे."

फोन ठेवून नाथाजी म्हणाला, "आण्णा, आता त्या कुत्रीलाच गाठून इचारा, बाई, तू नक्की खातीस तरी काय?" हमाल हसले. मलाही हसू आलं. पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण पिल्लाला आता नाव होतं.

संध्याकाळी घरी सांगितलं. सम्मेद म्हणाला, धंद्यात असं बोलतातच, तुम्ही काय यार्डात बघत नाही का? मी म्हणालो, बघतो म्हणूनच सांगतोय. जो माणूस गिऱ्हाईक बघून उत्तर बदलतो, तो लसीचंही तसंच सांगणार, ते पिल्लू आणायचं नाही. आपण विचारलेल्या प्रश्नावर आपणच फसलो हे प्रियदर्शनीला लागलं असावं. ऋचा दाराआडून ऐकत होती. ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "आज्जी असती तर आणलं असतं."

मग तिनं आणखी एक विचारलं. साखरेच्या डोळ्यात पाणी आहे असं मी म्हणतो, म्हणजे ती आजारी असेल, तर तिला आता कोण घेणार? त्या पिल्लाचं पुढं काय झालं मला माहीत नाही. ऋचा त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. ताट वाढलंय, फोन आलाय, एवढंच.

मी पुन्हा जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी उंब्रजच्या एका बाईंचं नाव दिलं. चारुलताबाई. माहेर वाईचं, नवरा नोकरीनं बाहेर, घरी दोन लॅब्रॅडोर माद्या. दोन-तीन वर्षांतून एकदा पिल्लं होतात, पण बाई सहज देत नाहीत, लोक चिडून परत येतात, असं डॉक्टर हसत म्हणाले. मी फोन केला तर मी विचारायच्या आधी त्याच विचारायला लागल्या. घर स्वतःचं आहे का, फाटक आहे का, लहान मूल किती मोठं, दिवसभर कोण असतं? शेवटी म्हणाल्या, येऊन बघा, पण त्या दिवशी पिल्लू मिळणार नाही.

मी एकटाच गेलो. ऋचाला नेलं असतं तर तिचा जीव पुन्हा गुंतला असता. सांगलीहून साताऱ्याची एसटी धरली. इस्लामपूरला घरी फोन केला, कराडला परत केला. प्रियदर्शनी म्हणाली, मामा, इथं काही झालं नाही, तुम्ही पोचल्यावर करा. उंब्रजला उतरून हायवे ओलांडला. मागं उसाच्या कडेला त्यांचं घर होतं, साधं, वर पत्रा.

फाटकातच त्यांनी मला थांबवलं. पन्नाशीच्या, साडी खोचलेली, हातात बादली. त्यांनी पहिलं विचारलं, आधी कुठं पिल्लं बघितली का? मी विश्रामबागेचं सांगितलं. त्यांनी चपला बाहेर काढायला लावल्या, पायांवर औषधाचं पाणी ओतलं, हात साबणानं कोपरापर्यंत धुवायला लावले. एका ठिकाणचा रोग माणसाच्या पायानं दुसरीकडं जातो म्हणाल्या. लोक इथंच रागावतात, असंही म्हणाल्या. मला राग आला नाही. सुंदरी गेल्यापासून माझ्यापेक्षा जास्त भिणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं होतं.

आत पडवीत पिल्लं होती. वास येत होता, शेणामुताचा नाही, पण जिवंत जनावरांचा. आणि आई समोर होती. तपकीर तिचं नाव, रंगही तसाच. दिसायला काही खास नाही. केस गळालेले, आचळं लोंबलेली, थकलेली. ती उठली, माझ्या पॅन्टचा वास घेतला आणि माझ्या आणि पिल्लांच्या मधे येऊन बसली. मी तिच्याकडं बघत राहिलो. बरंच बघत राहिलो असणार, कारण बाईंनी खुर्ची आणून ठेवली.

मग पिल्लं दाखवली. जंताचं औषध कधी दिलं, लस कधी देणार, बाप कराडला आहे, त्याच्या कंबरेच्या हाडांचा फोटो काढून घेतला होता, कारण या जातीत कंबर अधू निघते. एक पिल्लू बाकीच्यांसारखं माझ्या अंगावर आलं नाही. लांबून बघितलं, विचार केल्यासारखं थांबलं आणि मग येऊन माझ्या पायाच्या अंगठ्यावर हनुवटी ठेवली. शांत घराला हेच चांगलं, बाई म्हणाल्या. डोळे कोरडे होते. मी दोनदा बघितले.

मी विचारलं, "हिची आई काय खाते?"

"अंडी. उकडलेलं चिकन. भात, गाजर, भोपळा," बाई म्हणाल्या. "पिल्लांनाही तेच सुरू केलंय. का?"

मी आमच्या घरचं सांगितलं. सुंदरीची अट सांगितली. ती गेली हेही सांगितलं. बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, शाकाहारावर कुत्रं वाढवता येतं. पण दूधभातावर नाही. डॉक्टरांना विचारून सगळं नीट जुळवून द्यावं लागतं. दिवसातून चार वेळा, आणि शेवटचं खाणं दिवस मावळल्यावर. तुमच्याकडं तेव्हा चूल बंद असते. मी म्हणालो, दिवसाउजेडी करून ठेवू, मी स्वतः घालीन. त्यांनी मान हलवली. मग माझं वय विचारलं. मी सांगितलं. हे कुत्रं बारा-तेरा वर्षं जगेल, त्या म्हणाल्या. मला त्यांचा प्रश्न कळला. मी आलो होतो पिल्लू जगेल का बघायला, आणि त्या बघत होत्या मी जगेन का. मी म्हणालो, मुलगा आहे, सून आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच सगळ्यांना घेऊन या. कधी सांभाळणं झालं नाही तर परत माझ्याकडंच आणायचं, सोडून द्यायचं नाही.

हे सगळं मी कबूल केलं. मग त्यांनी शेवटचं सांगितलं.

"शाकाहारावर ठेवा, माझी हरकत नाही. पण पिल्लू खंगायला लागलं आणि डॉक्टरांनी अंडं द्या म्हटलं, तर त्या दिवशी घरात वाद नको. त्या दिवशी द्यायचं. हे आज कबूल असेल तरच मी तुमच्यासाठी ठेवीन."

हो म्हणायला किती वेळ लागतो? बाई लांब उंब्रजला, आमचं घर समडोळीत. कोण बघायला येणार होतं? त्यांना ऐकायचं होतं ते मी बोललो असतो तर काम झालं असतं. तसं बोलणारा माणूस मी नुकताच बघून आलो होतो. पिल्लाची हनुवटी अजून माझ्या अंगठ्यावर होती.

"मला घरी विचारायला लागंल," मी म्हणालो.

"कुणाला?" त्यांनी विचारलं. सहज विचारलं होतं.

मी वाकून पिल्लाची हनुवटी अंगठ्यावरून बाजूला केली. बाई फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, रविवारी पिल्लांना आठ आठवडे होतात. त्याच्या आत कळवा. या पिल्लाला साताऱ्याचं एक घर विचारतंय, माणसं चांगली आहेत. तुमच्याकडून कळलं नाही तर मी तिकडं देईन.

परतीच्या एसटीत मी कुणाला फोन केला नाही. घरी आल्यावर सगळ्यांना बसवून एकेक गोष्ट सांगितली. यावेळी ऋचालाही बसवलं. मागच्यासारखं दाराआडून ऐकायला नको. पायांवर ओतलेल्या पाण्याचं सांगितलं तेव्हा सम्मेद हसला आणि मग म्हणाला, ही बाई बरोबर वाटते. ऋचानं विचारलं, "पिल्लाची आई खरंच बघितलीस?" मी म्हणालो, बघितली, तिनं मला आधी पिल्लांजवळ जाऊ दिलं नाही. ऋचा माझ्याजवळ सरकून बसली. कितीतरी दिवसांनी.

मग मी अंड्याचं सांगितलं. सम्मेद माझ्याकडं बघत होता. मी भिंतीकडं बघत होतो, तिथं सुंदरीचा फोटो आहे. माझ्या मनात एवढंच होतं की तिनं एकच अट घातली होती. आयुष्यभरात तिनं माझ्याकडं फार काही मागितलं नव्हतं.

प्रियदर्शनी उठून आत गेली. मला वाटलं तिला राग आला. घरात तीच सोवळं-ओवळं सांभाळते आता. ती परत आली आणि उभ्यानंच बोलली.

"मामा, आत्तींना दवाखान्यात कॅप्सूल देत होते. त्यांचं वरचं आवरण कशाचं असतं, आपण विचारलं होतं का?"

मी मान खाली घातली.

"मला माहीत होतं, जनावरांच्या हाडाकातड्याचं असू शकतं," ती म्हणाली. "मीच भरवत होते त्यांना. मी विचारलं नाही. आत्ती जगायला पाहिजे होत्या."

सम्मेद उठून अंगणात गेला. मी तिला विचारलं, सुंदरीला कळलं असतं तर ती रागावली असती का? प्रियदर्शनी म्हणाली, रागावल्या असत्या, आणि बऱ्या होऊन आठवडाभर माझ्याशी बोलल्या नसत्या. चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी गेलो तर धुण्याच्या दगडाशेजारी एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं आणि छोटा स्टोव्ह मांडलेला होता. प्रियदर्शनी म्हणाली, हे बाहेरच राहील, आत आणायचं नाही, आणि लागलंच तर मी करीन, तुम्हाला हात लावायला नको. मी म्हणालो, लागलंच तर मीच करीन. ती म्हणाली, मग उंब्रजला कळवा. मी हो म्हणालो.

सम्मेदनं पडवीला जाळी लावून घेतली. फाटकाखालची फट विटांनी बुजवली. ऋचानं यावेळी नाव ठेवलेलं नाही. आणल्यावर ठेवीन म्हणते. तिनं आजीची चादर धुवायला दिली, आणि वाळल्यावर दोन तुकडे करायचे का असं विचारलं, एक तिला, एक पिल्लाला. मी म्हणालो, कर.

फोन माझ्याजवळच असतो. नंबर काढतो, बघतो, ठेवतो. फोन केला की कबूल करायला लागणार. एकदा कबूल केल्यावर मला ते पाळायला लागणार, आणि ते पिल्लू एखाद्या दिवशी जेवलं नाही तर मला पुन्हा त्याच्या तोंडाकडं बघत बसावं लागणार. सुंदरीच्या फोटोपुढंही मी दोनदा उभा राहिलो. तिला विचारायचं तर काय विचारायचं, तेच कळलं नाही.

आज शुक्रवार आहे, परवा पिल्लांना आठ आठवडे होतात. पातेलं मागच्या दारी आहे. चादर दोरीवर आहे. उंब्रजला मी अजून कळवलेलं नाही.